यकृतातील तंतूभवनाची प्रचलित उपपत्ती : एक चिकित्सा

यकृताला दीर्घकाळ इजा होत राहिली म्हणजे त्यात तंतू साचतात व ते कठीण होते, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. फ्रेंच वैद्य लाएनेक ह्याने १८१९ मध्ये अशा यकृताच्या पिवळसर तपकिरी रंगावरून, ग्रीक शब्दाच्या आधाराने, 'सिऱ्होसिस' हे नाव घडविले. ते केवळ रंगाचे नाव होते. त्यातून कारणाचा बोध होत नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता. आज परिस्थिती निराळी आहे. यकृताच्या तंतूभवनाविषयी, म्हणजे फायब्रोसिसविषयी, लिहिला जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रबंध 'तारकापेशींचे सक्रियण' ह्या शब्दप्रयोगाने सुरू होतो, आणि हा शब्दप्रयोग नाव नसून कारण आहे असे गृहीत धरले जाते. ह्या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यकृतातील तंतू कोण निर्माण करतो, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रचलित उपपत्तीने बव्हंशी बरोबर दिले आहे. परंतु ते तंतू साचून का राहतात, हा दुसरा व अधिक महत्त्वाचा प्रश्न तिने पहिल्यातच मिसळून टाकला आहे. जखम भरून काढण्यासाठी तंतू निर्माण होणे ही सर्व ऊतकांची स्वाभाविक क्रिया आहे. ती संपत का नाही, हे कोडे आहे. आरंभाचे कारण सापडले म्हणजे सातत्याचे कारण सापडले असे होत नाही. हा भेद न पाळल्यामुळे प्रयोगांची रचना सदोष झाली, आणि रुग्णांवर झालेल्या काही मोठ्या औषधचाचण्यांचे अपयश समजून घेतानाही आपण गोंधळलो, असे आम्हांस वाटते.

१. पूर्वपक्ष

कोणत्याही उपपत्तीचे परीक्षण करण्यापूर्वी ती तिच्या समर्थकांना मान्य होईल अशा रीतीने मांडणे, हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

यकृतपेशींच्या पट्ट्या आणि सायनुसॉइड नावाच्या अरुंद रक्तमार्गांचे अस्तर ह्यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा असते. तिला डिसची पोकळी म्हणतात. तारकापेशींचा वास येथे असतो. निरोगी यकृतात त्या सुप्त असतात आणि आपल्या मेदबिंदूंत जीवनसत्त्व 'अ' साठवितात. कुप्फर ह्याने १८७६ मध्ये सोन्याच्या क्षाराने ऊतक रंगवून ह्या ताऱ्यासारख्या पेशी प्रथम दाखविल्या. परंतु १८९८ मध्ये त्यानेच त्यांची गल्लत रक्तमार्गातील भक्षकपेशींशी केली, आणि ती गल्लत बराच काळ टिकली. तोशियो इतो ह्यांनी १९५१ मध्ये मेद साठविणाऱ्या पेशींचे वर्णन केले. इतोंच्या ह्या पेशी आणि कुप्फरच्या मूळ तारकापेशी एकच होत, हे केंजिरो वाके ह्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. पुढे १९८५ मध्ये फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातील निरनिराळ्या पेशी वेगळ्या करून, कोलॅजेन निर्माण करणारी प्रमुख पेशी हीच असल्याचे दाखविले. 'तारकापेशी' हे एकच नाव सर्वांनी वापरावे, असे १९९६ मध्ये ठरले. एका पेशीची ओळख पटण्यास शंभराहून अधिक वर्षे लागावीत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रेणूंच्या पातळीवरील कथन असे. विषाणू, मद्य, मेद किंवा एखादे विष ह्यांमुळे यकृतपेशी मरतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांनी यकृतातील कुप्फर पेशी चेतविल्या जातात व रक्तातून मोनोसाइट पेशी येऊन त्यांना मिळतात. ह्यांपासून निघणाऱ्या संदेशद्रव्यांत दोन मुख्य : पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा. पहिल्यामुळे तारकापेशींची संख्या वाढते. दुसरे द्रव्य पेशीच्या पृष्ठावरील ग्राहीशी जोडले गेले की स्मॅड-२ व स्मॅड-३ ह्या प्रथिनांवर फॉस्फेट चढते, ती स्मॅड-४ शी युती करून केंद्रकात शिरतात आणि कोलॅजेनची जनुके कार्यान्वित करतात. तारकापेशी आपले जीवनसत्त्व गमावते, आल्फा-स्मूथ-मसल-ॲक्टिन हे आकुंचनशील प्रथिन तयार करू लागते आणि मायोफायब्रोब्लास्टचे रूप घेते. पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन डिसच्या पोकळीत साचते. त्याच वेळी टिंप-१ हे प्रथिन कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमांना अडवून धरते, आणि लायसिल ऑक्सिडेज गटातील एन्झाइमे तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधतात. रक्तमार्गाच्या अस्तरातील छिद्रे नाहीशी होऊन त्याला साध्या केशिकेचे रूप येते. शाफ्नर व पॉपर ह्यांनी हा बदल १९६३ मध्येच वर्णिला होता.

हे कथन सुसंगत आहे, त्यातील प्रत्येक टप्प्याला प्रयोगांचा आधार आहे, आणि त्याने संशोधनाला चार दशके दिशा दिली हे निर्विवाद आहे. आमचे आक्षेप त्याच्या टप्प्यांवर नसून त्या टप्प्यांना जोडणाऱ्या तर्कावर आहेत.

२. प्लास्टिकवरील पुरावा

पहिला आक्षेप पुराव्याच्या उगमासंबंधी आहे. सक्रियणाविषयीचे आपले बरेचसे ज्ञान प्लास्टिकच्या तबकडीत वाढविलेल्या तारकापेशींवरून आले आहे. सुप्त पेशी प्लास्टिकवर ठेवली की काही दिवसांत ती आपोआप सक्रिय होते. प्रयोगाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. परंतु सोयीमागे एक प्रश्न दडलेला आहे. येथे मेलेली यकृतपेशी नाही, विषाणू नाही, चेतविलेली भक्षकपेशी नाही. मग पेशी सक्रिय झाली कशाने?

ह्याचे उत्तर फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्याच १९८९ मधील प्रयोगाने दिले होते. तारकापेशी प्लास्टिकऐवजी तलपटलासारख्या मऊ जेलवर वाढविल्या असता त्या सुप्तच राहिल्या. म्हणजे पेशी कशावर टेकली आहे, ह्यावर तिचे वर्तन अवलंबून असते. पुढे २००७ मध्ये जॉर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की इजा झालेल्या उंदराच्या यकृताचा कठीणपणा कोलॅजेन साचण्यापूर्वीच वाढलेला असतो. ह्या दोन निरीक्षणांचा एकत्रित अर्थ गंभीर आहे. पूर्वपक्षाच्या मांडणीत कठीण आधारद्रव्य हे साखळीच्या शेवटी येणारे कार्य आहे. येथे कठीणपणा हाच कारण ठरतो. कार्य आणि कारण एकमेकांना वाढवीत असतील, तर 'प्रथम सक्रियण व नंतर तंतू' ही सरळ रेषा सोडून वर्तुळाचा विचार करावा लागतो; आणि वर्तुळ कोठून सुरू झाले ह्यापेक्षा ते कोठे तोडता येईल, हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

२००७ मध्येच डी मिनिचिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकवर सक्रिय झालेल्या आणि प्रत्यक्ष प्राण्याच्या यकृतात सक्रिय झालेल्या तारकापेशींच्या जनुकांचा आविष्कार ताडून पाहिला. दोहोंत लक्षणीय तफावत आढळली. इतके असूनही केवळ तबकडीतील पेशींवर एखादा अर्क किंवा रेणू घालून, ॲक्टिन कमी झाले म्हणून 'तंतूभवनविरोधी' गुणाची घोषणा करणारे लेख आजही प्रसिद्ध होतात. त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. ते एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाच्या खात्यावर जमा करतात, एवढाच त्यांचा दोष.

३. खूण आणि ओळख

दुसरा आक्षेप पेशीच्या ओळखीसंबंधी आहे. एखादी पेशी विशिष्ट प्रथिन धारण करते, एवढ्यावरून ती कोठून आली हे ठरत नाही. २००७ मध्ये असा निष्कर्ष मांडला गेला की यकृतपेशीच रूप पालटून फायब्रोब्लास्ट बनतात. अनेकांनी तो स्वीकारला. परंतु २०१० मध्ये ताउरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतपेशींवर व त्यांच्या वंशजांवर कायमची जनुकीय खूण उमटवून पाहिले, तेव्हा कोलॅजेन निर्माण करणाऱ्या पेशींत त्या खुणेची पेशी आढळली नाही. पेशीवरील क्षणिक लक्षण आणि पेशीचा वंश ह्यांत गफलत झाली होती. १८९८ मधील कुप्फरची चूकही ह्याच जातीची होती.

ह्यानंतर २०१३ मध्ये मेडेरके व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारकापेशींचा वंश अशाच पद्धतीने मागे नेला आणि निरनिराळ्या प्रकारच्या इजांत मायोफायब्रोब्लास्टांपैकी ८२ ते ९६ टक्के पेशी तारकापेशींपासून आलेल्या असल्याचे दाखविले. पूर्वपक्षाला हा भक्कम आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पुढल्याच वर्षी, २०१४ मध्ये, इवाइसाको व त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत आरंभीच्या काळात प्रतिहारी क्षेत्रातील फायब्रोब्लास्टच बहुसंख्य असतात असे नोंदविले. दोन्ही निष्कर्षांतील भेद खुणेची निवड, कालखंड आणि मोजणीची रीत ह्यांच्याशी निगडित आहे. कोणा एकाला खोटे ठरविण्याची घाई करू नये.

एकेका पेशीतील आरएनए वाचण्याचे तंत्र आल्यावर ह्या वादाचे स्वरूपच बदलले. २०१९ मध्ये डॉबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की उंदराच्या यकृतातील तारकापेशी एकजिनसी नाहीत. मध्यशिरेच्या भोवती होणाऱ्या इजेत त्या शिरेजवळील तारकापेशीच प्रामुख्याने कोलॅजेन निर्माण करतात. त्याच वर्षी रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व सिऱ्होसिसग्रस्त मानवी यकृतांतील १,००,००० हून अधिक पेशींचे वाचन प्रसिद्ध केले. तंतूंच्या पट्ट्यांत त्यांना कोलॅजेन निर्माण करणाऱ्या पेशींबरोबर विशिष्ट प्रकारच्या महाभक्षक पेशी आणि विशिष्ट प्रकारच्या अस्तरपेशी ह्यांची वस्ती आढळली. तंतूभवन हे एका पेशीचे कृत्य नसून एका वस्तीची घडण आहे, असा ह्याचा अर्थ होतो. तारकापेशी त्या वस्तीतील गवंडी आहे, ह्याबद्दल वाद नाही; परंतु घर कोणी बांधावयास सांगितले आणि ते पाडण्यास कोण अडथळा करते, ह्यांचे उत्तर गवंड्याच्या नावात सापडत नाही.

४. 'मुख्य सूत्रधार' रेणू

तिसरा आक्षेप टीजीएफ-बीटाला दिल्या जाणाऱ्या 'मुख्य सूत्रधार' ह्या बिरुदासंबंधी आहे. हे बिरुद ऐकले की त्या रेणूला रोखले म्हणजे काम झाले, अशी समजूत होते. पण १९९२ मध्येच असे आढळले होते की टीजीएफ-बीटा-१ चे जनुक नसलेले उंदीर अनेक अवयवांतील तीव्र दाहामुळे काही आठवड्यांत मरतात. जो रेणू तंतू वाढवितो तोच दाहाला आवरतो, आणि यकृतपेशींच्या बेसुमार वाढीलाही तो लगाम घालतो. असा रेणू सर्व शरीरात रोखणे म्हणजे एका व्याधीच्या बदल्यात दुसरी ओढवून घेणे होय.

ह्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की ह्या रेणूचे प्रमाण आणि त्याचे कार्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीजीएफ-बीटा पेशीबाहेर पडते ते एका प्रथिनाच्या वेष्टनात बद्ध होऊन. ते आधारद्रव्यात साठून राहते व त्या अवस्थेत निष्क्रिय असते. पेशीपृष्ठावरील इंटिग्रिन प्रथिने ते वेष्टन ओढून उघडतात तेव्हा ते मोकळे होते. हेंडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उंदरांच्या कोलॅजेन निर्माण करणाऱ्या पेशींतून आल्फा-व्ही इंटिग्रिन काढून टाकले असता यकृतच नव्हे, तर फुप्फुस व मूत्रपिंडही तंतूभवनापासून बऱ्याच अंशी बचावले. तेव्हा रक्तातील किंवा ऊतकाच्या लगद्यातील टीजीएफ-बीटा मोजून काढलेले अनुमान अपुरे असते. रेणू किती आहे ह्याहून तो कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून मोकळा झाला, हे निर्णायक होय.

५. सातत्याचा प्रश्न

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. सिऱ्होसिस अपरिवर्तनीय आहे, हे विधान अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत सिद्धांतासारखे छापले गेले. आयरडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांना चार आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड देऊन ते थांबविले. पुढील चार आठवड्यांत साचलेले तंतू पुष्कळ अंशी विरघळले. ह्या काळात सक्रिय तारकापेशी नियोजित पेशीमृत्यूने नाहीशा होत होत्या आणि टिंप-१ ची पातळी उतरत होती. २०१२ मध्ये किसेलेवा व ट्रोगर ह्यांच्या स्वतंत्र गटांनी ह्यात भर घातली : सर्वच सक्रिय पेशी मरत नाहीत. त्यांपैकी मोठा भाग सुप्तावस्थेसारख्या स्थितीत परत जातो. मात्र पुन्हा इजा झाल्यास त्या पेशी पूर्वीपेक्षा लवकर चेततात. जणू त्यांना पूर्वानुभवाची आठवण राहते.

ह्याच संदर्भात डफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ मधील प्रयोग आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग आहे. त्यांनी उंदरांतील महाभक्षक पेशी दोन निरनिराळ्या वेळी नष्ट केल्या. इजा चालू असताना नष्ट केल्या तेव्हा तंतू कमी साचले. इजा थांबून यकृत सावरत असताना नष्ट केल्या तेव्हा तंतू विरघळण्याची क्रियाच अडली. पेशींचा वर्ग तोच, यकृत तेच. परंतु वेळ बदलताच भूमिका उलटी झाली. ज्या उपपत्तीत प्रत्येक पेशीला 'तंतुकारक' वा 'तंतुनाशक' असे कायमचे विशेषण दिलेले असते, तिच्यात हा निष्कर्ष बसत नाही. अस्तरपेशींविषयीही असेच म्हणता येते : त्या निरोगी असल्या तर तारकापेशींना सुप्त ठेवतात, असे डीलीव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले आहे.

ह्या सर्वांवरून तंतूभवनाची आम्ही करू इच्छितो ती व्याख्या अशी : तंतूभवन म्हणजे तंतूंच्या निर्मितीचा आरंभ नव्हे; समाप्तीचे संकेत न मिळाल्याने, किंवा मिळूनही निष्फळ ठरल्याने, लांबलेली जखमभरणी होय. ह्या व्याख्येत तारकापेशीचे स्थान कमी होत नाही. तिला एकटीला आरोपी करणे मात्र थांबते.

६. मानवी यकृतातील कसोटी

उपपत्तीची खरी परीक्षा रुग्णाच्या शय्येजवळ होते. लायसिल ऑक्सिडेज गटातील लॉक्स-एल-२ ह्या एन्झाइमाला रोखणारे सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड प्राण्यांत आशादायक ठरले होते. तंतू बांधणारा हातच धरावा, ही कल्पना तर्कशुद्ध होती. परंतु मेदजन्य यकृतदाहाच्या प्रगत रुग्णांवरील त्याच्या चाचण्या निष्फळ ठरल्या; त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सेनिक्रिव्हिरोक हे औषध मोनोसाइट पेशींना यकृताकडे बोलाविणारे ग्राही अडविते. मधल्या टप्प्यातील चाचणीत एका वर्षानंतर त्याने २० टक्के रुग्णांत तंतुमयता घटविली, प्लासिबो घेणाऱ्यांत १० टक्क्यांत. परंतु अंतिम टप्प्याची चाचणी परिणामाच्या अभावी २०२१ मध्ये थांबवावी लागली. डफील्ड ह्यांचा प्रयोग आठवला की ह्या अपयशाचे एक संभाव्य स्पष्टीकरण डोळ्यांसमोर येते : नुकसान करणाऱ्या पेशींची वाट अडविताना डागडुजी करणाऱ्यांचीही वाट अडली असावी. हे अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. तरीही ते तपासण्याजोगे आहे.

ह्याउलट कारणावरच घाव घालणाऱ्या उपचारांचा अनुभव पाहावा. यकृतदाह-ब च्या विषाणूला टेनोफोव्हिरने पाच वर्षे दाबून ठेवल्यावर ३४८ रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांची पुन्हा तपासणी झाली. आरंभी सिऱ्होसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत, म्हणजे ७४ टक्क्यांत, तो उरला नव्हता. हे निष्कर्ष २०१३ चे आहेत. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मेदजन्य यकृतदाहासाठी मान्यता मिळालेले रेस्मेटिरॉम हे औषधही तारकापेशीवर नेम धरीत नाही. ते यकृतपेशीतील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीद्वारा मेदाचे ओझे कमी करते. त्याच्या चाचणीत ५२ आठवड्यांनंतर तंतुमयता किमान एका पायरीने उतरलेले रुग्ण दोन मात्रांच्या गटांत २४.२ व २५.९ टक्के होते, प्लासिबोच्या गटात १४.२ टक्के. तंतुमयता घटविण्यासाठी तंतूला हात लावावाच लागतो असे नाही, हे त्यातून सिद्ध होते. पण सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांत ती घटली नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

७. पुण्याचा दाखला

ह्या प्रश्नाशी महाराष्ट्राचा एक जवळचा संबंध आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो क्वचितच सांगितला जातो. लहान मुलांना होणारा 'भारतीय बालसिऱ्होसिस' हा एके काळी बहुधा प्राणघातक ठरणारा रोग होता. त्यात प्रत्येक यकृतपेशीभोवती बारीक तंतूंचे जाळे विणले जाते आणि यकृतात तांब्याचे प्रमाण विलक्षण वाढलेले असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील पंडित व भावे आणि इंग्लंडमधील टॅनर ह्यांच्या गटाने १९८३ मध्ये असे मांडले की कल्हई न केलेल्या पितळी भांड्यांत तापविलेले व साठविलेले दूध तान्ह्या वयापासून पाजल्यामुळे हे तांबे मुलांच्या पोटात जात असावे. १९८७ मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून त्यांनी ह्या मताला पुष्टी दिली. पितळी भांडी मागे पडत गेली तसा हा रोगही दुर्मिळ झाला.

आमच्या विवेचनाच्या दृष्टीने १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची नोंद अधिक मोलाची आहे. तांबे बांधून शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन दिलेल्या व त्यामुळे वाचलेल्या मुलांच्या यकृतांची वेळोवेळी तपासणी झाली, तेव्हा रोगाची खूण हळूहळू ओसरून काही यकृते जवळजवळ स्वाभाविक रचनेपर्यंत परतल्याचे आढळले. तारकापेशीला कोणी हात लावला नव्हता. कारण हटले, आणि यकृताने आपले काम स्वतः पुरे केले. ही निरीक्षणे प्रयोगशाळेतील उंदरांवरची नसून आपल्याच घरांतील मुलांवरची आहेत, हे विसरता कामा नये.

८. एक न्याय्य प्रत्याक्षेप

ह्यावर असे म्हटले जाईल की कारण हटविल्याने सर्व प्रश्न सुटत असता तर तंतूभवनावर वेगळे संशोधन करण्याचे प्रयोजनच उरले नसते. हा प्रत्याक्षेप योग्य आहे. १९९८ मधील प्रयोग अवघ्या चार आठवड्यांच्या इजेचा होता. त्याच परंपरेतील २००४ च्या प्रयोगात उंदरांना बारा आठवडे विष देऊन सिऱ्होसिस घडवून आणला, आणि नंतर एक वर्षभर वाट पाहिली. बारीक पट्ट्या विरघळल्या. जाड, जुन्या, परस्परांशी बद्ध झालेल्या व इलॅस्टिनयुक्त पट्ट्या तशाच राहिल्या. वर उल्लेखिलेल्या टेनोफोव्हिरच्या रुग्णांतही ९६ पैकी २५ जणांचा सिऱ्होसिस टिकून होता. पुण्याच्याही सर्वच मुलांना वाचविता आले नाही. शिवाय मद्य सुटत नाही, मेद घटत नाही, अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. त्यांना 'कारण हटवा' एवढेच सांगणे म्हणजे उपचार नव्हे.

परंतु हा प्रत्याक्षेप आमच्या मुख्य म्हणण्याला बाधक नसून पूरक आहे. जुने तंतू टिकून राहतात ते तारकापेशी सक्रिय झाली म्हणून नव्हे, ते तोडले जाऊ शकत नाहीत म्हणून. तेव्हा संशोधनाचा रोख निर्मितीवरून विघटनाकडे, टिंप व कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमांच्या तोलाकडे, तंतूंच्या परस्परबंधाकडे आणि डागडुजी करणाऱ्या महाभक्षक पेशींकडे वळविला पाहिजे. सर्व तारकापेशी नष्ट कराव्यात हा सोपा उपायही घातक ठरू शकतो. कारण सुप्त तारकापेशी यकृतपेशींना जपणारी द्रव्ये पुरवितात आणि कर्करोगाच्या वाढीला आळा घालतात, असे २०२२ मध्ये फिलिओल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले आहे.

शेवटी आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. ह्या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझी पेशी कशावर वाढली आहे? मी मोजलेली खूण ही अवस्था सांगते की वंश? मी पाहिलेला क्षण इजेचा आहे की सावरण्याचा? आणि मी तंतूंची निर्मिती मोजली, की त्यांचे साचून राहणे? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'सक्रियण' ह्या एका शब्दाने देता येत नाही. ज्याला ती चारही उत्तरे स्वतंत्रपणे देता येतील, त्याचा प्रबंध आकाराने लहान असला तरी तंतूभवनाविषयी काही सांगेल; इतरांचे प्रबंध प्लास्टिकविषयी सांगतील.